दुसरं मांजर आणण्याआधी

कवठे येमाईच्या मळ्यात राहणाऱ्याला मांजर हौसेखातर लागत नाही. उन्हाळ्यात कांदा बराखीत गेला की खाली उंदीर-घुशी वस्ती करतात, बाजरीच्या पोत्यांना भोकं पडतात आणि घरातलं एक मांजर पुरं पडेनासं होतं. मग पाहुण्यांकडून नाहीतर शेजारच्या वाडीवरून दुसरं आणतात. आणायची रीतही ठरलेली: पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं आणि घरी येऊन स्वयंपाकघरात पोतं सोडायचं. पुढं त्यांचं ते बघतील. या रीतीनं आमच्याकडे जे झालं ते तुमच्याकडे होऊ नये, म्हणून हे लिहिते.

मनी आमची जुनी भाटी. पाहुण्यांनी दिलेला बोका ऐन उमेदीतला. सासूबाई म्हणाल्या, "दोन दिस फिसकारतील, मग ऱ्हातील गप." पोतं सुटलं तसा बोका फडताळाखाली शिरला. मनीनं शेपूट फुलवली, एकदा गुरगुरली आणि खिडकीतून निघून गेली. बोचकारणं नाही, ओरडणं नाही. जमलं म्हणून सगळे निर्धास्त झाले.

प्रत्यक्षात मनीनं घर सोडलं होतं. आधी ती फक्त जेवायला यायची, तेही बोका बाहेर असेल तेव्हा. मग तेही थांबलं. ती शेजारच्यांच्या गोठ्यात वैरणीवर झोपू लागली. शहरातल्या बंद फ्लॅटमध्ये दोन मांजरांचं पटलं नाही तर भांडण डोळ्यांना दिसतं. मळ्यात जुन्या मांजराला चारी दिशा मोकळ्या असतात, म्हणून ते भांडत बसत नाही, निघून जातं. आणि आपल्याकडे रात्री बाहेर राहणं म्हणजे काय, हे शिरूर, आंबेगाव, जुन्नरच्या माणसाला सांगायला नको. उसात बिबट्या आहे आणि कुत्र्या-मांजरावर त्याची नजर असते.

त्यात मनीला शिंका सुरू झाल्या, डोळे चिकटू लागले, खाणं सुटलं. बोका वरून धडधाकट दिसत असला तरी आजार त्याच्याबरोबर आला होता. मांजरांच्या सर्दीचे विषाणू अंगात दबून राहतात आणि जागा बदलली, मांजर भेदरलं की पुन्हा बाहेर पडतात. औषधपाण्यानं मनी बरी झाली. मग पशुवैद्यकांच्या सल्ल्यानं बोक्याला वेगळा ठेवून आम्ही सगळं पहिल्यापासून केलं.

मांजर असं का वागतं, ते आधी समजून घ्यावं. आपल्या घरातली मांजरं आफ्रिकी रानमांजराच्या वंशातली. ते एकटं शिकार करतं आणि आपला इलाखा राखून असतं. धान्याच्या कोठारांतल्या उंदरांमागं ते माणसाजवळ आलं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. इतकी वर्षं सोबत राहूनही इलाख्याचा हट्ट गेलेला नाही. मांजर दाराच्या चौकटीला गाल घासतं, पोत्यावर नखं ओढतं, तेव्हा ते तिथं आपला वास ठेवत असतं. त्या वासात परका वास एकदम मिसळला की घर त्याला आपलं वाटत नाही. एकत्र राहतात त्या बहुधा नात्यातल्या भाट्या, मायलेकी नाहीतर बहिणी. दोन मांजरं लागणारच असतील तर एकाच वेतातली दोन पिल्लं एकदम आणणं सगळ्यात सोपं.

मोठं मांजर आणायचं असेल तर पहिलं काम दवाखान्याचं. जंताचं औषध, पिसवांचा बंदोबस्त आणि लस, दोन्ही मांजरांना. पिल्लाला साधारण आठव्या आठवड्यापासून तिहेरी लस सुरू करतात, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. तिहेरी लसीत सर्दीच्या दोन विषाणूंबरोबर पॅनल्यूकोपेनियाही येतो. उलट्या-जुलाबांनी पिल्लं पटापट दगावतात तो हा रोग, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभरही तग धरतो. आणखी एक सांगते. गाई-म्हशींच्या गोचिडांवर फवारायचं औषध मांजराला लावू नका. त्यातली परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. झटके येऊन ते मरू शकतं. माणसाची पॅरासिटामॉलही त्याला विषच.

नसबंदी आधी उरकावी. मोकळा बोका घरभर मुताची पिचकारी मारतो, रात्री भांडत हिंडतो, आणि चावाचावीतून रक्तातले आजार पसरतात. भाटी साधारण दोन महिन्यांत विते. दुसरं मांजर आणायचं म्हणता म्हणता वर्षाच्या आत घरात दहा होतात आणि मग पोत्यात घालून ओढ्यापलीकडं सोडायची वेळ येते.

नव्याला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. धान्याची खोली चालेल, पण खत आणि कीटकनाशकं ठेवलेली नको. पाणी, खाणं, लपायला उलटं खोकं आणि घमेल्यात वाळू द्या. जुनं मांजर शेतात जात असेल, नव्याला मात्र घमेलं लागतंच, आणि ते खाण्यापासून लांब ठेवावं. खोली जुन्याच्या झोपायच्या जागेची नसावी. त्याची गोणी, त्याचा कोनाडा, त्याची जेवायची वेळ, यातलं काही हलवू नये.

या दिवसांत ओळख फक्त वासानं होऊ द्या. एकाच्या गालावरून जुनं फडकं फिरवा आणि दुसऱ्याच्या ताटलीजवळ ठेवा. फिसकारलं तर फडकं लांब सरकवा. हुंगून खायला लागलं की गोण्यांची अदलाबदल करा. मग बंद दाराच्या दोन्ही अंगांना दोघांना एकाच वेळी जेवायला घाला. सुरुवातीला ताटल्या दारापासून दूर, रोज थोड्या जवळ. दाराला टेकून निवांत खाऊ लागली की पहिला टप्पा पार पडला.

पाहणं त्यानंतर. जाळीचं दार असेल तर उत्तम. नसेल तर टोमॅटोचे क्रेट एकावर एक रचून घट्ट बांधले तरी आडोसा होतो. त्यातून दोघांना पाहू द्या, तेही खाताना. एकटक रोखलेली नजर, मागं वळलेले कान, जमिनीलगत दबलेलं अंग दिसलं तर मध्ये पुठ्ठा धरा आणि पुन्हा वासावर या. डोळे हळूच मिटून उघडणं, पाठ फिरवून अंग चाटत बसणं ही चांगली लक्षणं.

एकत्र सोडताना दोघांची पोटं भरलेली असावीत आणि घर शांत असावं. यात्रेला घरात पाहुण्यांची गर्दी असते तेव्हा हा उद्योग नको. माळा, फडताळाचा माथा अशा उंच जागा मोकळ्या ठेवा आणि दोघांना बाहेर पडायला वेगवेगळ्या वाटा असू द्या. उचलून समोरासमोर धरू नका. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. गोणपाट टाका किंवा ताट वाजवा. नख किंवा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जा. हळद भरून घरी थांबू नका.

या काळात लक्ष नव्यापेक्षा जुन्यावर ठेवा. जेवायला उशिरा येतं का? वाटेत नवं बसलं असेल तर मागं फिरतं का? भलत्या ठिकाणी मुततं का? मुकी दादागिरी अशीच चालते. जुना बोका असेल आणि तो मुतायला बसून कळ काढतोय पण थेंब येत नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग तुंबला तर बोका दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो. जाड मांजरानं काही दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचते, तेव्हा तिथंही वाट पाहत बसू नये.

अंधार पडायच्या आत दोघांना घरात घ्या. संध्याकाळी ठरलेल्या वेळी खायला घातलं की ती आपसूक येतात, हाका मारत उसाच्या कडेनं फिरावं लागत नाही.

मनी आणि बोका आजही एका गोणीवर झोपत नाहीत. ती माळ्यावर, तो बराखीच्या तोंडाशी. बराखीत उंदीर नाहीत आणि दिवेलागणीला दोघंही घरात असतात. याहून जास्त दोस्ती मांजरांकडून मागू नये. एवढं व्हायला कुठं तीन आठवडे लागतात, कुठं तीन महिने. तो वेग जुन्या मांजरानं ठरवायचा असतो. घरात एक खोली दोन आठवडे बंद ठेवायची तयारी नसेल, तर दुसरं मांजर आणूच नका. आहे त्याची नसबंदी करा, लस द्या आणि बराखीखालची जागा साफ ठेवा.