स्वस्त लॅपटॉप घेण्यापूर्वी

शिष्यवृत्तीची रक्कम हाती आली की पुष्कळ घरांत लॅपटॉपचा विचार निघतो. पडदा सुटा करून टॅब्लेटसारखा वापरता येणारा ‘टू-इन-वन’ कमी किमतीत दिसला की मोह पडतो. परंतु सौदा ठरविण्यापूर्वी आपण तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, यंत्राचे वय. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० व मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. जुने यंत्र या कसोटीस उतरते का, हे विचारावे.

दुसरी, रॅम. पातळ यंत्रांत ती बहुधा बोर्डावरच डाख देऊन बसविलेली असते. मागाहून वाढविता येत नाही. म्हणून शक्यतो ८ जीबीचेच घ्यावे.

तिसरी, कीबोर्ड व पेन. ती पुष्कळदा निराळी विकत घ्यावी लागतात. त्यांची किंमत मिळवूनच हिशेब करावा.

१२,००० रुपयांचे यंत्र दोन वर्षांत निकामी झाले तर वर्षाला ६,००० रुपये पडले. २०,००० चे पाच वर्षे चालले तर ४,००० च. स्वस्त कोणते, हे या भागाकारावरून ठरवावे आणि पक्के बिल व वॉरंटी घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत.