फेसाळणारा गोळा आणि आपले केस

गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या आदल्या रात्री माझी नववीत शिकणारी भाची एक गुलाबी गोळा घेऊन आली. हा गोळा पाण्यात टाकला की सूं सूं आवाज करीत फेसाळतो. “मामा, उद्या उटण्याऐवजी हाच डोक्याला चोळला तर?” तिने विचारले. प्रश्न गमतीचा नव्हता. तिच्या एका मैत्रिणीने महिनाभर खाण्याच्या सोड्याचा लेप लावून केस धुतले होते आणि आता फणीत तुटलेल्या केसांचे पुंजके येत होते. तेव्हा उत्तर नीट विचार करूनच द्यायला हवे होते. चला, तुम्हीही आमच्याबरोबर विचार करा.

प्रथम गोळ्यात काय असते ते पाहू. इंग्लंडमधील मो कॉन्स्टंटाइन या बाईंनी १९८९ साली असा गोळा प्रथम तयार केला. त्यात मुख्यतः दोन पदार्थ असतात : खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल. शिवाय थोडे तेल, रंग व सुवास. कोरडे असताना हे दोघे शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. पाणी मिळताच मात्र ते विरघळतात, त्यांची अभिक्रिया होते आणि कार्बन डायॉक्साइड वायू, पाणी व सोडियम सायट्रेट तयार होते. फेस येतो तो या वायूमुळे.

आता थोडे गणित करू. सायट्रिक आम्लाचा रेणुभार १९२ आणि सोड्याचा ८४. आम्लाचा एक रेणू सोड्याचे तीन रेणू संपवतो. म्हणजे १९२ ग्रॅम आम्लाला २५२ ग्रॅम सोडा पुरतो. पण घरगुती कृतीत बहुधा दोन भाग सोडा व एक भाग आम्ल घेतात. समजा, गोळ्यात १०० ग्रॅम सोडा व ५० ग्रॅम आम्ल आहे. ५० ग्रॅम आम्ल सुमारे ६६ ग्रॅम सोडा संपवील. उरलेला ३४ ग्रॅम सोडा पाण्यात तसाच राहील. आपल्या प्रश्नाची किल्ली या उरलेल्या सोड्यात आहे.

वायूचे काय? तो सुमारे १९ लिटर निघेल. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब व अडीच मीटर उंच न्हाणीघरात ७,५०० लिटर हवा मावते. म्हणजे वायूचे प्रमाण शेकडा पाव टक्का वाढेल. त्याची भीती नको. मात्र ओलसर गोळा घट्ट झाकणाच्या बरणीत कोंडू नका. वायूच्या दाबाने बरणी फुटू शकते.

आता केसाकडे वळू. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे असतात. म्हणूनच केसावरून मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवले तर ते गुळगुळीत लागते आणि उलट फिरवले तर खरखरीत.

पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे सामूच्या मापाने सांगतात. हे माप सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ साली सुचवले. शुद्ध पाण्याचा सामू ७. डोक्याच्या त्वचेचा सुमारे ५.५. सोड्याच्या द्रावणाचा सुमारे ८.३. फरक २.८ एवढाच दिसतो. पण या मापात प्रत्येक अंकाला दहापट फरक पडतो. म्हणजे हा फरक सुमारे ६०० पटींचा झाला!

अल्कधर्मी पाण्यात केसांवरील ऋण विद्युतभार वाढतो. केस फुगतो, खवले उचलले जातात, केसाकेसांतील घर्षण वाढते आणि गुंता होतो. ओला केस मुळातच कमकुवत असतो. अशा वेळी फणी ओढली की तो तुटतो. मैत्रिणीचे केस तुटण्याचे कारण हेच असावे. शिवाय लेपातील न विरघळलेले कण खवल्यांवर घासले गेले असतील, ते वेगळेच.

मग गोळा वाईटच का? तसे नाही. अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १०, म्हणजे सोड्याच्या द्रावणापेक्षाही जास्त असतो. प्रश्न आहे तो प्रमाणाचा, वेळेचा आणि वापरण्याच्या पद्धतीचा. हा गोळा १०० ते १५० लिटर पाण्याच्या टबासाठी असतो. आपण तो १५ लिटरच्या बादलीत टाकला तर सामू फारसा बदलत नाही. पण दर लिटरमागे उरणारा सोडा सात ते दहा पट होतो आणि केस वाळल्यावर तितकाच थर मागे राहतो.

म्हणून निष्कर्ष असा : गोळा पूर्ण विरघळलेल्या पाण्यात कधीमधी केस भिजले तर बिघडत नाही, नंतर ते स्वच्छ पाण्याने धुवावेत. गोळा डोक्याला चोळू नये. त्यातील आम्ल डोळ्यांना आणि खरचटलेल्या त्वचेला झोंबते. शाम्पूऐवजीही तो वापरू नये. रंग उडवलेल्या केसांची अधिक काळजी घ्यावी. त्यांचे खवले आधीच दुखावलेले असतात, आणि फिक्या केसांवर गोळ्याचा रंगही चढू शकतो.

करून पाहा : जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून रंग काढा. तो लिंबाच्या रसात, सोड्याच्या पाण्यात आणि गोळ्याच्या पाण्यात थोडा थोडा घाला. आम्लात गडद गुलाबी व अल्कधर्मी द्रावणात हिरवट छटा येते. फणीत आलेले गळके केस साध्या व सोड्याच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, वाळवा आणि बोटांनी फरक तपासा.

आणि एक प्रश्न : सोडा व आम्ल नेमके २५२ ला १९२ या प्रमाणात घेतले, तर पाण्यात काय उरेल?

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचीने केस शिकेकाईने धुतले. गोळा मात्र वाया गेला नाही. फराळ झाल्यावर सगळ्यांनी त्या गुलाबी पाण्यात पाय बुडवले.