मेजावरील खेळांत कौशल्याचा कस

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत मेजावरचा खेळ म्हटला म्हणजे कॅरम. त्या फळीवर ज्यानें एकदां तरी राणी घेऊन कव्हर साधलें आहे, त्यास पूल, स्नूकर व बिलियर्ड्स यांतील भेद समजावून देणें कठीण नाहीं. लोकरी कापडानें मढविलेलें मोठें मेज, त्याच्या कडांस सहा खिसे, आणि लांब काठीनें मारावयाचे चेंडू, एवढें तिन्हींत समान आहे. या तिहींपैकीं कौशल्याचा सर्वांत अधिक कस कोणता खेळ पाहतो, एवढाच आमच्यापुढें प्रश्न आहे.

पूलचें मेज बहुधा नऊ फूट लांब असतें आणि खिशाचें तोंड चेंडूच्या जवळजवळ दुप्पट. नऊ चेंडूंच्या प्रकारांत तर क्रमांक नऊचा चेंडू पहिल्याच तडाख्यांत नशिबानें खिशांत गेला तरी डाव पदरांत पडतो. ज्या प्रकारांत चेंडू व खिसा आधीं सांगावा लागतो, त्यांत दैवास एवढा वाव नाहीं, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

स्नूकर हा खेळ १८७५ सालीं जबलपूर येथील लष्करी अधिकाऱ्यांत जन्मास आला, असें मानिलें जातें. (हिंगोलीसही त्या काळीं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती व्यवस्था १९०३ पर्यंत चालली.) त्याचें मेज बारा फूट लांब व सहा फूट रुंद. पंधरा तांबडे चेंडू व सहा इतर रंगांचे. प्रत्येक तांबड्यानंतर एक रंगीत घ्यावयाचा. खिशाचीं तोंडें अरुंद. चेंडूच्या दिशेंत एका अंशाची चूक झाली, तर सहा फुटांवर तिचा सवा इंच होतो, आणि तेवढ्यानें चेंडू बाहेर राहतो. नेमाची परीक्षा पाहावी ती येथेंच.

परंतु केवळ नेम म्हणजे कौशल्य नव्हे. बिलियर्ड्समध्यें अवघे तीन चेंडू: एक तांबडा, एक आपला, एक प्रतिपक्षाचा. आपल्या चेंडूनें उरलेल्या दोहोंस स्पर्श केला कीं तो कॅनन, त्याचे दोन गुण. तांबडा खिशांत घातल्यास तीन. कॅरममध्यें स्ट्रायकर भोंकांत गेला तर दंड होतो. येथें मात्र आपला चेंडू दुसऱ्यास लागून खिशांत गेला तर गुण मिळतात! प्रतिपक्षाचा चेंडू खिशांत घातल्यासही दोन गुण मिळतात खरे, पण आपली पाळी संपेपर्यंत तो मेजावर परत येत नाहीं, आणि मग कॅनन करावयास दुसरा चेंडूच उरत नाहीं. म्हणून जाणता खेळाडू ते दोन गुण सहसा घेत नाहीं. प्रत्येक फटक्यास तिन्ही चेंडू पुढें कोठें थांबतील, याचा हिशेब आधीं करावा लागतो.

या हिशेबाची मजल कोठवर जाते पाहा. १९०७ सालीं लंडन येथें टॉम रीस यानें दोन चेंडू खिशाच्या तोंडाशीं अडकवून ४,९९,१३५ गुणांची एकच पाळी केली. म्हणजे सुमारें अडीच लक्ष कॅनन! पाहणारांस यांत कसला आनंद? पुढें तो प्रकार नियमबाह्य ठरला. १९३२ सालीं ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रम यानें ४,१३७ गुण केले, त्यानंतर नियम आणखी आवळावे लागले. खेळाडूंच्या निपुणतेस आवर घालण्यासाठीं ज्या खेळाचे नियम वारंवार बदलावे लागले, त्यास आम्ही पहिला मान देतों.

महाराष्ट्रानें या खेळांत मोठें नांव मिळविलें आहे. पुण्यास १९२२ सालीं जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ सालीं कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले; १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें तें पद त्यांनीं पुन्हां मिळविलें. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनीं १९७७, १९८१ व १९८३ सालीं तोच मान मिळविला. १९७८ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेंत त्यांची एक पाळी १,१४९ गुणांची झाली. जोन्स बिलियर्ड्समध्यें बारा वेळां राष्ट्रीय विजेते होते, आणि स्नूकरमध्येंही पांच वेळां. बिलियर्ड्सचा हात असला कीं स्नूकर साधतें, असें यावरून आम्हांस वाटतें. मात्र पुण्यांतच जन्मलेल्या पंकज अडवाणी यांनीं २००३ सालीं आधीं स्नूकरचें जागतिक पद जिंकलें व बिलियर्ड्सचें त्यानंतर, २००५ सालीं. तेव्हां आमच्या मताविरुद्ध बोलणारांच्या हातींही एक भक्कम उदाहरण आहे.