कोंबड्याही राहतील, हिरवळही

प्रश्न : घरामागच्या छोट्या हिरवळीवर चार गावठी कोंबड्या मोकळ्या सोडतो. जागोजागी उकरून त्यांनी टक्कल पाडले आहे. उपाय सांगा. – एक वाचक, दिघी

उत्तर : कोंबडी गवत खाते कमी, किडे-अळ्यांसाठी उकरते जास्त. म्हणून शोभेच्या नाजूक गवताऐवजी हरळी लावा. जमिनीतल्या काशांतून ती पुन्हा फुटते. जाळीने हिरवळीचे दोन भाग करून आलटून-पालटून वापरा. भर पावसाळ्यात भिजल्या मातीवर कोंबड्या सोडूच नका. एरवी संध्याकाळचा तासभर पुरे. कोपऱ्यात माती, वाळू आणि चुलीची राख घालून उथळ खड्डा करा. धुळीत लोळायची हौस तिथेच भागेल. ताज्या विष्ठेने गवत करपते, त्यावर पाणी मारा. कीटकनाशक मात्र फवारू नका; त्याचा अंश अंड्यांत उतरू शकतो.