चांदीच्या कणावरचं प्रथिन ओळखताना

सुरतच्या डिंडोलीत धुळे-जळगावकडून आलेली घरं पुष्कळ. त्यांतली बायोटेक शिकणारी मुलं विचारतात, "ताई, सॅम्पल मॅल्डीला देऊ की एलसी-एमएसला?" हे त्यांच्यासाठी.

१. आधी प्रश्न पक्का करा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अबसार अहमद, मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये फ्यूजॅरियम ऑक्सिस्पोरम बुरशीकडून पेशीबाहेर चांदीचे नॅनोकण घडवले आणि एनएडीएचवर चालणाऱ्या रिडक्टेज विकराकडे बोट दाखवलं. चांदीचं क्षपण करणारं प्रथिन एक आणि कणाला चिकटून त्याला स्थिर ठेवणारं दुसरंच, असं असू शकतं. कणावरून सुटलं तेच कर्तं, असं धरून चालू नका.

२. एफटीआयआरमधले अमाइडचे पट्टे प्रथिन आहे एवढंच सांगतात, कोणतं ते नाही.

३. जेलवर एकच ठसठशीत बँड असेल आणि त्या जिवाचा जनुकसंच डेटाबेसमध्ये असेल, तर मॅल्डी-टॉफ पुरतं. ट्रिप्सिन लायसिन-आर्जिनिनपाशी कापतं, तुकड्यांची वस्तुमानं जुळवायची. मिश्रण असेल तर एलसी-एमएस/एमएसच. रानातल्या पाल्याचा अर्क वापरला असेल तरीही तेच, कारण त्यात अमिनो आम्लांचा क्रम हाती येतो आणि तो जवळच्या जातीशी ताडता येतो.

४. खरी कसोटी सॅम्पलच्या तयारीत. कण सेंट्रिफ्यूज करून धुवा, प्रत्येक धुवणाचं पाणी वेगळं ठेवा. सैल चिकटलेलं त्यात उतरतं. उरलेलं सोडवायला एसडीएस आणि डीटीटी घालून उकळा. डीटीटीतलं गंधक चांदीवर बसतं आणि सिस्टीननं धरून ठेवलेली प्रथिनं सुटायला मदत होते. एसडीएस मात्र थेट यंत्रात गेलं की सिग्नल दबतो, म्हणून जेलवर चालवा आणि बँड कापून नीट धुवा. कापताना नवं ब्लेड, हातमोजे, बांधलेले केस. रिपोर्टात केराटिन सगळ्यांत वर आलं, तर ते बुरशीचं नव्हे, माणसाच्या कातडीचं नाहीतर केसांचं.

५. सिल्व्हर नायट्रेट न घातलेला, बुरशी गाळून काढलेला द्रवही सोबत द्या. त्यात मुळातच भरपूर असलेलं प्रथिन कणावर दिसणारच; त्याच्या तुलनेत कणावर वाढलेलं कोणतं, ते शोधा.

६. संशयित विकर शुद्ध करा, एनएडीएच आणि सिल्व्हर नायट्रेट घाला, ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर येतं का बघा. शेजारच्या नळीत तेच विकर उकळून घ्या. तिसरीत विकराशिवाय नुसतं एनएडीएच आणि सिल्व्हर नायट्रेट.