पाणी दिलेला जॉब रात्रभर ठेवू नकोस

बाळा, सोमवारपासून तू मकरपुरा जीआयडीसीत भट्टीवर जाणार. तिथे सगळे घाईत असतात, शिकवायला कुणी थांबणार नाही, म्हणून आजच सांगून ठेवतो.

जॉब भट्टीत घालण्याआधी पोलाद कोणतं ते पक्कं कर. ईएन-८ आणि ईएन-३१ चे बार शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात. पण पहिल्यात कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास, दुसऱ्यात सुमारे १ टक्का आणि जवळपास तेवढंच क्रोमियम. ईएन-३१ म्हणजे बेअरिंगचं पोलाद, ते तेलातच थंड करायचं. पाण्यात बुडवलंस तर तडा जाण्याची भीती. शंका आली की ग्राइंडरला लावून ठिणग्या बघ. कार्बन जास्त असेल तर ठिणग्यांना फुलं जास्त फुटतात. आणि बार कापताना ओळखीसाठी रंग लावलेलं टोक शेवटपर्यंत राखायचं.

आता मुख्य गोष्ट. ड्रॉइंगवर कडकपणा ५८ ते ६२ एचआरसी लिहिलेला असतो आणि पोरं हार्डनिंग झालं, म्हणजे आपल्या भाषेत पाणी दिलं, की काम झालं म्हणतात. तसं नाही. ईएन-३१ साधारण ८२० ते ८५० अंशांवर नेलं की कार्बन पोलादात विरघळतो, ती ऑस्टेनाइट अवस्था. तेलात झटक्यात थंड केलं की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि मार्टेन्साइट तयार होतं. जॉब कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळ, आणि आत ताण कोंडलेला. असा जॉब रॅकवर पडून राहिला तर कुणी हात न लावताही तडकू शकतो. हाताला कोमट लागेपर्यंत थंड झाला की त्याच पाळीत टेम्परिंगला घाल, १५० ते १८० अंशांवर निदान तासभर. जाड असेल तर जास्त. पाळी संपत आली की कुणीतरी ‘सवारे करीशुं’, सकाळी करू, म्हणेल. ऐकू नकोस. पुढच्या पाळीवाल्याच्या हातात लोड देऊन, वहीत लिहून मगच निघ.

चिवटपणा हवा म्हणून टेम्परिंगचं तापमान मनाने वाढवू नकोस. २५० ते ४०० च्या पट्ट्यात बऱ्याच पोलादांचा कडकपणा उतरतो आणि चिवटपणाही घटतो.

रॉकवेलवर कडकपणा बघताना वरची साल घासून काढ. भट्टीत पृष्ठभागाचा कार्बन जळालेला असतो, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. केस हार्डनिंगचा थर पातळ असेल तर सी स्केलचा १५० किलोचा भार तो थर दाबून खालचा मऊ गाभा मोजतो. तिथे कमी भाराची चाचणी माग.

जॉब तडकला तर लपवू नकोस, तुकडा जपून ठेव, कारण शोधायला तो लागतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती कलाभवन सोपवलं, ते कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. आज तिथे एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. तिथल्या मेटॅलर्जीच्या मुलांशी ओळख ठेव. तडा कुठून सुरू झाला हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला त्यांच्याकडून शीक.

आणि मिठाच्या भट्टीत ओला जॉब किंवा ओली जिग कधीही उतरवायची नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं मीठ उसळून तोंडावर येतं. आधी वाळव, तापव, चेहऱ्यावर शील्ड घे, मगच सोड.