मोरपंखी रंगाचा फोटो येत नाही

आपल्या हॉस्टेलच्या गेटवर वॉचमनकाकांच्या टेबलावर रोज संध्याकाळी पार्सलांचा ढीग असतो. त्यातली बरीचशी कपड्यांची. आणि त्यातली काही चार दिवसांनी त्याच टेबलावर परत जायला बसलेली दिसतात, नवी टेप लावून. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "फोटोत वेगळं दिसत होतं यार!" हे 'वेगळं' म्हणजे नेमकं काय, ह्याचा मी ह्या सेमिस्टरला थोडा अभ्यास केला. अभ्यासाला कारण माझी आजी.

आजी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला राहते. जन्मभर नऊवारी नेसली, त्यातही इरकली जास्त. गेल्या वर्षी इंटर्नशिपचे पहिले पैसे मिळाले तेव्हा दिवाळीला तिला लुगडं घ्यायचं मी ठरवलं. घर आमचं घोडेगावला, मी इकडे जुन्नर तालुक्यात, सबमिशन डोक्यावर. दुकानात जाणार कधी? मोबाईलवर एक मोरपंखी नऊवारी दिसली. मॉडेल वाड्याच्या पायरीवर उभी, नाकात नथ, काठ नुसता चमकतोय. मागवली. पार्सल आलं ते न उघडताच बॅगेत टाकलं आणि भाऊबीजेला आजीच्या हातात दिलं. आजीने घडी उलगडली तर त्यातून दोन पाय बाहेर आले. साडी शिवलेली होती!

"ह्ये लुगडं हाय का इजार?" आजीने विचारलं. सगळे हसले, आजीही हसली. मग तिने ती होती तशी घडी घातली, मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे, प्वारीनं आणलंय." त्या रात्री मला काही झोप लागली नाही. परत करायची मुदत केव्हाच संपली होती.

खरं सांगायचं तर खाली बारीक अक्षरात 'रेडी टू वेअर' लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, इंग्रजी वाचता येतं ना! मला वाटलं फॉल-पिको करून देताहेत. नऊवारीला फॉल लावत नाहीत हे कुठे ठाऊक होतं? म्हणजे अर्धा दोष माझा. पण उरलेला अर्धा फोटोचा. नेसलेली आणि शिवलेली नऊवारी समोरून सारखीच दिसते. फरक कळतो तो मागून, कमरेशी. आणि मागच्या बाजूचा फोटो एकही नव्हता.

शिवाय रंग. आजीने तो मोरपंखी मानलाच नाही. "निळं हाय ह्ये." मला तर दोन्ही ब्लूच! आजीकडे रंगांची मोरपंखी, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, केतकी अशी नावं आहेत. मी शिकले पिंक आणि डार्क पिंक. शॉपिंग ॲपचं फिल्टर माझ्याइतकंच अडाणी. ब्लू, ग्रीन आणि काहीच जमलं नाही तर मल्टिकलर. मोरपंखी ह्यातल्या कशात शोधायचा?

आता थोडं इंजिनिअरिंग. मोरपंखी साडी बऱ्याचदा एका रंगाच्या सुताने विणलेलीच नसते. उभे धागे, म्हणजे ताणा, निळे आणि आडवे, म्हणजे बाणा, हिरवे (किंवा उलट). कापड सरळ धरलं की एक रंग, तिरकं केलं की दुसरा. ह्यालाच धूपछाव म्हणतात. कॅमेरा एका जागी, दिवा एका जागी, त्यामुळे फोटोत येतो फक्त एका कोनातला रंग. बाकीची अर्धी साडी फोटोत येतच नाही. त्यात स्क्रीनची मर्यादा. वेबवरचे बहुतेक फोटो एसआरजीबी ह्या रंगपद्धतीत असतात, जी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडली. डोळ्याला दिसणारे सगळे रंग तिच्यात मावत नाहीत आणि ती सर्वात तोकडी पडते ती हिरव्या-निळ्याच्या पट्ट्यात. म्हणजे नेमकी मोरावर!

मग उजेडाचा प्रश्न. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्व्हिनचा, ढगाळ दुपारचा उजेड ६५०० च्या आसपास. आपला मेंदू हा फरक आपोआप वजा करतो. कॅमेराही वजा करायचा प्रयत्न करतो, त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात, पण चौकटीत सगळीकडे एकाच रंगाचं कापड पसरलं असेल तर तो गंडतो. मी रूमवर एकच ओढणी ट्यूबखाली, मेसच्या पिवळ्या बल्बखाली आणि गॅलरीत ठेवून फोटो काढले. तीन फोटो तीन बहिणींसारखे आले. शेजारी असाइनमेंटचा कोरा कागद ठेवून पुन्हा काढले तेव्हा निदान कळलं की कुठल्या फोटोत कागदच पिवळा पडलाय. फेब्रुवारी २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका लग्नाच्या निमित्ताने काढलेल्या ड्रेसच्या फोटोवरून जगभर भांडणं झाली होती, आठवतंय? कुणाला तो पांढरा-सोनेरी दिसत होता, कुणाला निळा-काळा. ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळा होता. उजेड कुठला हे फोटोत कळत नव्हतं, म्हणून ज्याच्या-त्याच्या मेंदूने आपापला उजेड वजा केला.

मॅचिंग सेंटरमध्ये आई ब्लाउजपीस घेऊन दुकानाच्या पायरीवर का येते, ह्याचं मला लहानपणी हसू यायचं. त्याला शास्त्रीय नाव आहे, मेटामेरिझम. दोन वेगवेगळे डाय एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फटकून वागतात. "ताई, बाहेर उजेडात बघा," हे वाक्य म्हणजे दुकानदाराने करून दिलेलं प्रॅक्टिकलच!

मुलांसाठी चेक्सचं शर्ट. बारीक चौकडी स्क्रीनवर लाटांसारखी का हलते? सिग्नल्सच्या पेपरला नायक्विस्ट शिकलो, तोच इथे. चौकडीच्या बारकाव्याच्या निदान दुप्पट दराने पिक्सेल नसतील तर खोटी नक्षी उमटते, तिला म्वारे म्हणतात. आणि फोटो हलका करताना जेपेगमध्ये बहुधा उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, रंगाची मात्र चार पिक्सेलांत मिळून एकच. लाल काठातली पिवळी रेघ गढूळ होते ती इथे.

हे झालं निसर्गाचं. माणसांची लबाडी वेगळीच. कुर्ता मॉडेलच्या अंगावर चपखल बसावा म्हणून पाठीमागून क्लिपा लावतात. शूटमध्ये दिवे पुढून असतात, म्हणून पांढरा कुर्ता किती पारदर्शक आहे ते कळतच नाही. कळतं ते कॉलेजच्या मैदानावर, पाठीमागे सूर्य असताना. मॉडेल पाच फूट आठ इंच, मी पाच फूट. तिच्या गुडघ्यावरचा कुर्ता माझ्या पोटऱ्या झाकतो. एस-एम-एल तर प्रत्येक ब्रँडचं निराळं. भारतीयांच्या मापांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून निफ्ट ह्या संस्थेने इंडियासाइज नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. सहा शहरांत मिळून २५ हजार लोकांची मापं थ्री-डी स्कॅनरने घ्यायची अशी त्याची आखणी. तोवर मी माझ्या अंगाला नीट बसणारा कुर्ता पलंगावर पसरून टेपने मोजते आणि तक्त्यातले इंच पाहते. अंगाचं माप दिलंय की कपड्याचं, हे आधी वाचायचं. कापडाचं वजन, जीएसएम, दिलं असेल तर तेही. टी-शर्ट १८० जीएसएमचा असेल तर बरा जाड, १४० म्हणजे पातळ.

कायदाही आपल्या बाजूने आहे बरं का. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू जाहिरातीत दाखवली तशी नसेल तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. माझ्या साडीचं मात्र काही झालं नसतं. त्यांनी 'रेडी टू वेअर' लिहिलंच होतं. ती साडी शेवटी मावशीच्या मुलीने शाळेच्या गॅदरिंगला कोळीनृत्यात घातली आणि तिला ती फार शोभली.

संक्रांतीला सुट्टी काढून आजीला जुन्नरच्या दुकानात नेलं. गादीवर तासभर. तिने किंमत शेवटी विचारली. आधी सूत चिमटीत धरून चोळलं, मग कापड उलटं केलं, कारण छापलेली नक्षी मागून फिकी पडते. पदराचे उभे धागे अंगाच्या धाग्यांना जोडलेत ती जागा शोधून बोट फिरवलं. खऱ्या इरकलीत तो सांधा असतो. मग लुगडं घेऊन पायरीवर गेली, उन्हात धरलं, तिरकं केलं.

"ह्यो बघ मोरपंखी," म्हणाली.

मला दिसला. निळ्यातून हिरवा सरकत गेला. मी घाईघाईने मोबाईल काढून फोटो घेतला, तुम्हाला दाखवायला. निळा आलाय.